यंत्राचं तोंड कुणाकडे?

आई लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, हे जगात सगळीकडे सारखंच असावं. नेदरलँड्समधल्या वाइडेमेरेन नावाच्या लहानशा नगरपालिकेच्या हद्दीत एक बाई सरकारी निर्वाह भत्त्यावर दिवस काढत होती आणि तिची आई तिला वाणसामान आणून द्यायची. भत्ता घेणाऱ्याने अशी मदत पालिकेला कळवायची, असा नियम होता. तिने कळवली नव्हती. पालिकेने हिशेब मांडला आणि सात हजारांहून अधिक युरो परत भरायला सांगितले. २०२०च्या अखेरीस न्यायालयाने पालिकेचं म्हणणं उचलून धरल्याची बातमी आली, तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे अपिलात रक्कम पुष्कळ कमी झाली, पण ‘आईने दिलेला किराणा’ ही तिथल्या राजकारणातली ठसठस होऊन बसली.

या प्रकरणात कुठलाही अल्गोरिदम नव्हता. नियम माणसांनी केला होता, बजावला माणसांनी आणि त्यावर शिक्काही माणसांनीच मारला. तरीही शहरांनी कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरावी, हा विषय निघाला की मला आधी हीच वाणसामानाची पिशवी आठवते. कारण आपली चर्चा सहसा यंत्र बरोबर आहे का, पक्षपाती आहे का, इथून सुरू होते. ते कुठल्या कामाला जुंपलंय, ही चौकशी मागे पडते.

नेदरलँड्समध्ये हा भत्ता नगरपालिकांमार्फत दिला जातो, त्यामुळे अर्जदारांची छाननीही पालिकाच करते. रॉटरडॅम हे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. भत्ता घेणारे साधारण तीस हजार. सगळ्यांची फेरतपासणी करणं शक्य नाही, म्हणून २०१७पासून शहराने एका बड्या सल्लागार कंपनीकडून बनवून घेतलेलं यंत्र वापरायला सुरुवात केली. ते प्रत्येकाला शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण द्यायचं. ज्याचे गुण जास्त, त्याची चौकशी आधी.

गुण देण्यासाठी यंत्र माणसाबद्दलच्या ३१५ गोष्टी पाहत असे. वय, लिंग, मुलं किती, राहण्याचा भाग कोणता, डच भाषा कितपत येते, शेवटचं नातं किती काळ टिकलं. इतकंच काय, अर्जदाराच्या दिसण्या-राहण्याबद्दल अधिकाऱ्याने कधीकाळी काही शेरा मारला असेल, तर त्याचीही नोंद त्यात होती. मी इथे थोडा थांबलो. टेबलापलीकडचा माणूस अर्जदाराकडे वरपासून खालपर्यंत पाहतो, हे आपल्यालाही नवीन नाही. कुठल्याही वॉर्ड ऑफिसात रांगेत उभं राहा, ती नजर अंगावर येतेच. पण ती नजर त्या दुपारपुरती असते. साहेब बदलतो, जेवणाची सुट्टी होते, पुढच्या खेपेला खिडकीत दुसरं कुणी भेटतं. रॉटरडॅममध्ये ती नजर फाइलमध्ये गेली, फाइलमधून आकड्यात आणि आकड्यातून पुढच्या चौकशीत. चौकशी म्हणजे नुसती कागदपत्रं मागवणं नव्हे. घरी कुणी चोरून राहत नाही ना, हे पाहण्यासाठी न्हाणीघरातले टूथब्रश मोजण्यापर्यंत तिथल्या तपासनिसांची मजल जाऊ शकते.

यंत्र शिकलं कशावरून? जुन्या चौकशांवरून. आणि जुन्या चौकशा ज्यांच्यावर आधीच संशय होता, त्यांच्याच जास्त झालेल्या. एकटी आई, तरुण, भाषा नीट न येणारा परदेशातून आलेला माणूस, असे जे कोणी होते, त्यांचे गुण चढत गेले. शहराच्याच लेखापरीक्षण संस्थेने २०२१मध्ये त्यावर बोट ठेवलं आणि त्याच वर्षी हा प्रकार थांबला. पुढे शोधपत्रकारांनी ते संपूर्ण मॉडेल मिळवून २०२३मध्ये उलगडून दाखवलं. ते अचूकही नव्हतं, हे तेव्हा कळलं. अंदाजपंचे निवड केली असती, तर फार फरक पडला नसता, असं जाणकारांचं म्हणणं पडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला इतका खर्च कशाला, असं कुणीही विचारेल.

इथे थांबलो असतो, तर गोष्ट सोपी होती. वाईट यंत्र, हलगर्जी पालिका, जागरूक पत्रकार. पण ॲमस्टरडॅमने ही गोष्ट अवघड करून ठेवली, आणि मला त्या शहराबद्दल आदर आहे तो त्यासाठीच.

ॲमस्टरडॅम आधीपासून या बाबतीत सावध. २०२०मध्ये हेलसिंकीच्या बरोबरीने त्यांनी शहराच्या अल्गोरिदमांची नोंदवही लोकांसाठी खुली केली. पार्किंगचे पैसे भरलेत की नाही हे पाहत फिरणारी कॅमेऱ्याची गाडी नंबरप्लेट कशी वाचते, शंका आली तर पुढे माणूस कसा पाहतो, हे त्यात घरबसल्या वाचता येतं. तर या शहराने भत्त्याचे अर्ज तपासायला स्वतःचं यंत्र बनवायचं ठरवलं, ‘स्मार्ट चेक’. रॉटरडॅमच्या चुका टाळून, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. ३१५ नाही, १५च निकष. लिंग, राष्ट्रीयत्व, वय यांतलं काही घ्यायचं नाही. यंत्राने बोट दाखवलं, तर ते का दाखवलं, हे अधिकाऱ्याला वाचता आलं पाहिजे. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी. सगळा मिळून खर्च पाच लाख युरोंच्या घरात.

पहिल्या चाचणीत दिसलं की यंत्र स्थलांतरितांवर विनाकारण जास्त बोट दाखवतंय. जन्मस्थान विचारलंच नव्हतं, तरी. इतर निकषांमधून ते आपोआप आत शिरलं होतं. मग शिकवण्याच्या नोंदींचं वजन बदलून तो कल काढला, आकडे सारखे झाले. २०२३मध्ये खऱ्या अर्जांवर चाचणी सुरू केली, तेव्हा पारडं भलतीकडेच झुकलं. आता डच नागरिक आणि बायका चुकीने पकडल्या जाऊ लागल्या. शिवाय माणसं जितक्या अर्जांवर शंका घेत होती, त्याहून अधिक अर्जांवर यंत्र शंका घेत होतं, आणि तेवढ्या खटाटोपातून खरे गैरप्रकार काही जास्त हाती लागले नाहीत.

उपमहापौर रुटगर ग्रोट वासिंक यांनी प्रकल्प बंद केला. इतका पैसा आणि इतकी वर्षं घातल्यावर ‘अजून थोडं सुधारू’ म्हणणं सोपं असतं. न्यूयॉर्कने तेच केलं. तिथल्या महापालिकेने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी प्रश्नांना उत्तरं देणारा बॉट आणला. काही महिन्यांत पत्रकारांनी दाखवलं की तो मालकांना, नोकरांच्या टिपमधला वाटा खुशाल घ्या, असं सांगतोय. हे तिथे बेकायदा आहे, आणि सांगणारा कोण, तर खुद्द शहराचा बॉट. महापौरांनी चुका मान्य केल्या, पण बॉट चालूच ठेवला. ॲमस्टरडॅमने मात्र ‘जमलं नाही’ म्हणून सांगितलं, आणि कसं जमलं नाही याचे तपशीलही पत्रकारांपुढे ठेवले. आपल्याकडे एखाद्या महापालिकेने असं केल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे अपयशी प्रकल्पांचं उद्घाटन दुसऱ्यांदा होतं.

पण माझं मन या प्रकरणातल्या दुसऱ्याच माणसांवर रेंगाळतं. शहराची एक सल्लागार समिती होती. स्वतः भत्ता घेणारे आणि त्यांच्यासाठी झटणारे नागरिक तिच्यात. अधिकाऱ्यांनी त्यांना आलेख दाखवले, कल कसा काढला ते समजावलं. समितीचा विरोध मावळला नाही. त्यांची हरकत आलेखांवर नव्हतीच. मदत मागायला आलेल्या माणसाकडे तुम्ही पहिल्यांदा संशयाने का पाहता, हा त्यांचा मुद्दा. त्याला तज्ज्ञांकडे उत्तर नव्हतं, कारण तो तज्ज्ञांचा प्रश्नच नव्हता. भत्त्याला पात्र असूनही न घेणारे लोक नेदरलँड्समध्ये साधारण एक तृतीयांश असल्याचा अंदाज तिथल्याच सरकारी तपासणीत निघाला होता. कुणाला ठाऊक नसतं, कुणाला अर्ज जमत नाही, कुणाला पुढे पैसे परत मागतील याची धास्ती. वाणसामानाच्या बातमीनंतर ती का नसावी? जी माहिती जुळवून लबाड शोधता येतो, तीच जुळवून उपाशी माणूसही शोधता येईल. पाच लाख युरो त्या बाजूने वळले नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण महापालिकेचं नाही, राज्याचं आहे, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता होती असंही मी म्हणत नाही. निरनिराळ्या खात्यांची माहिती एकमेकांशी ताडून पाहिली गेली, एवढंच. २०२५च्या जुलैमध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की महिलांसाठीच्या ‘लाडकी बहीण’ योजनेतले सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं दिसून आलं आणि जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला. त्यांची खातरजमा जिल्हाधिकारी करतील, पात्र ठरतील त्यांना पुन्हा मिळेल. यादीत पुरुषही निघाले, तेव्हा तपासणी नको होती असं कोण म्हणेल? पण क्रम पाहा. पैसे आधी थांबले, खातरजमा मागून. सुक्याबरोबर जे ओलं जळतं, ते दरमहा दीड हजारांच्या हिशेबावर घर चालवणारं असतं, आणि आपण त्या यादीत का आलो हे विचारायला ते कुणाच्या दारात जाणार?

उद्या हेच काम शिकणारं यंत्र करील, आणि महापालिकाही करतील: मालमत्ता कर, झोपडपट्टी पुनर्वसनाची पात्रता, फेरीवाल्यांचे परवाने. निविदा निघतील, त्यांत अचूकतेची टक्केवारी असेल. ज्याचा अर्ज अडकेल त्याला कारण मराठीत, लेखी आणि पैसे थांबण्याआधी मिळेल का, हे कलम त्या निविदेत असेल की नाही, ते नगरसेवकांनी सभागृहात विचारायला हवं. त्यासाठी संगणकातलं काही कळावं लागत नाही.

ॲमस्टरडॅममध्ये प्रकल्प बंद झाल्यावर काय झालं, हेही सांगायला हवं. शहर जुन्या पद्धतीकडे परतलं. अर्ज पुन्हा माणसांच्या टेबलावर आले. पण यंत्राला स्थलांतरितांवर बोट दाखवायला शिकवलं होतं, ते याच टेबलांवरच्या नोंदींनी. यंत्राचा कल निदान मोजता आला होता, म्हणून तर ते बंद पडलं. टेबलावरचा कल तसा सहसा कुणी मोजत नाही, आणि समितीने विचारलेला प्रश्न तिथेही तसाच पडून आहे.