सही जुळत नाही तेव्हा

मराठीत कादंबरीवर पोट भरत नाही. एक आवृत्ती संपायला वर्षं लागतात, तिथे मानधनाचा हिशेब काय सांगायचा! म्हणून आपला कादंबरीकार बहुधा कुठेतरी नोकरीला असतो. श्री. ना. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर, श्याम मनोहर भौतिकशास्त्र शिकवत होते. मोकळा वेळ मिळाला असता तर यांनी आणखी किती लिहिलं असतं, अशी हळहळ मी अनेक सभांमधून ऐकली आहे. मला ती पटत नाही.

मी तालुक्याच्या गावी बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढली. पेन्शनच्या तारखांना रांग दारापर्यंत जाई. त्या रांगेत एक निवृत्त गुरुजी असत. त्यांच्या स्लिपवरची सही नमुना कार्डावरच्या सहीशी ताडून पाहणं हे माझं काम. कार्डावरची सही मोठी देखणी, शाळेच्या फळ्यावर शोभावी अशी. पण आधी तिची वेलांटी सुटली. मग शिरोरेघ थरथरू लागली. पुढे आडनाव अर्ध्यावरच थांबायला लागलं. “गुरुजी, पुन्हा एकदा करता का?” असं मी हळूच म्हणायचे, आणि मागची रांग ऐकत नसल्याचं दाखवायची. निम्म्या रांगेनं त्यांच्याकडेच मुळाक्षरं गिरवलेली होती. अखेर एके दिवशी त्यांचा अंगठा घ्यावा लागला. शाईचं पॅड पुढे सरकवताना मला मान वर करवेना.

कथेला तो अंगठ्याचा दिवस पुरला असता. कादंबरीला मात्र त्याआधीची सगळी वर्षं हवी असतात, ज्या वर्षांत सांगण्याजोगं काहीच घडलं नाही असं वाटतं. ती वर्षं नुसत्या कल्पनेनं रचायला गेलं की माणसं फार लवकर बदलतात आणि फार नेटकं बोलतात. त्याच खिडकीतून तीच माणसं महिन्यामागून महिने बघितली, तेव्हा कुठे मला कळलं की माणूस ढासळतो तो किती सावकाश आणि त्यातही किती ऐट सांभाळून.

या संदर्भात मला मालतीबाई बेडेकरांचं काम फार मोलाचं वाटतं. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणून आपण त्यांना ओळखतो. पुढे त्यांनी सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून काम केलं. १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली ती माणसं, तारेच्या कुंपणात हजेरी देत जगणारी. त्या वसाहतीवरची त्यांची कादंबरी ‘बळी’ आली १९५० मध्ये, म्हणजे त्या नोकरीनंतर सुमारे दहा वर्षांनी. कुंपणातल्या माणसांवर अभ्यास करून लिहिणारे मिळाले असते. त्यांच्यात रोज वावरून, शिवाय आपण कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहोत याचं भान ठेवून लिहिणारं दुसरं कोण होतं? ‘बळी’ आज किती कमी वाचली जाते याचं मला दुःख आहे.

मोकळ्या वेळाच्या बाजूनं कुणी साने गुरुजींचं नाव घेईल. ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून झाली. खरंच आहे. पण ते बालपण जगून झालेलं होतं. तुरुंगानं दिली ती फक्त बैठक.

नोकरीबद्दल मी हे सगळं म्हणते ते घराबद्दल म्हणू धजत नाही. बँकेचं शटर संध्याकाळी खाली येतं, कॅश टॅली झाली की निघता येतं. घराला शटर नाही. माझी पहिली कादंबरी पुरी झाली ती सासूबाईंनी रात्रीचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला म्हणून. त्यांनी तसं केलं नसतं तर निरीक्षणांनी भरलेल्या वह्या माळ्यावर पडल्या असत्या, माझ्याहून अधिक जाणत्या कितीतरी बायकांच्या पडल्या तशा.

लिहू पाहणाऱ्या मुली हल्ली भेटायला येतात आणि विचारतात, “ताई, नोकरी सोडू का?” मी त्यांना उलट विचारते, संध्याकाळचा कुकर तुमच्या घरी कोण लावतं?