कर्ता एक, कारणे पाच

एखादे कृत्य अनेकांच्या हातून, अनेक यंत्रांच्या साहाय्याने आणि अनेक वर्षांच्या निर्णयांतून घडते तेव्हा त्याचा कर्ता कोणाला म्हणावे, हा भारतीय तत्त्वचिंतनातील फार जुना प्रश्न आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासमोर तो सिस्टिम्स इंजिनिअरिंग आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट या दोन विषयांच्या रूपाने येतो. मात्र तेथे त्याला तत्त्वज्ञानाचा प्रश्न म्हणून कोणी ओळखत नाही, आणि तक्ते, आराखडे व वेळापत्रके यांच्या आड तो राहून जातो. भोपाळमध्ये तरी तो असा आड राहता कामा नये. शाहपुरा वसाहतीपासून जवळच असलेली मॅनिट ही संस्था १९६० मध्ये मौलाना आझाद कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने सुरू झाली आणि अभियंत्यांच्या कितीतरी पिढ्या तिथे शिकून गेल्या. त्याच शहराच्या उत्तर भागात युनियन कार्बाइडचा बंद पडलेला कारखाना आजही उभा आहे. या दोन ठिकाणांमधले अंतर काही किलोमीटरचेच आहे, पण शिक्षणक्रमात ते फार मोठे ठरते.

प्रथम दोन्ही विषयांचे स्वरूप पाहिले पाहिजे. सिस्टिम म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या घटकांची अशी रचना, की जिचे एकूण वर्तन सुट्या घटकांकडे पाहून कळत नाही; आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे ही रचना गरज ठरवण्यापासून ती मोडीत काढण्यापर्यंत, तिच्या संपूर्ण आयुष्यक्रमासह, एकत्र विचारात घेण्याची शिस्त. या शिस्तीत सर्वांत महत्त्वाची जागा घटकांची नसून त्यांच्यामधल्या सांध्यांची, म्हणजे इंटरफेसची असते, कारण दोन निर्दोष घटकही सांध्यावर चुकू शकतात. तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिस्टिमची सीमा कोठे आखायची हा निर्णय. शाहपुऱ्याचा तलाव केवळ पाण्याचा साठा मानला तर त्याची देखभाल म्हणजे काठ बांधणे आणि गाळ काढणे. पण भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात उतरते हे ध्यानात घेतले, तर त्या वस्त्या, त्यांचे नाले आणि तलावातून पुढे जाणारे पाणी वापरणारी माणसे हे सारे त्याच सिस्टिमचे भाग ठरतात. सीमा आखणे हे वरवर तांत्रिक दिसणारे काम आहे, परंतु कोणाचे दुःख हिशेबात धरायचे आणि कोणाचे नाही, हे त्याच रेषेने ठरत असल्यामुळे ते मुळात नैतिक काम आहे.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे ठरलेले काम ठरलेल्या काळात, खर्चात आणि व्याप्तीत पुरे करण्याचे शास्त्र. त्यातील क्रिटिकल पाथ ही कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आकाराला आली. ज्या कामांच्या साखळीत एक दिवसाचा उशीर झाला की संपूर्ण प्रकल्प एक दिवस लांबतो, ती साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ, आणि साखळीबाहेरच्या कामांना जी सवड मिळते तिला फ्लोट म्हणतात. याच विषयात जबाबदारीचा एक तक्ता शिकवला जातो. त्यात प्रत्येक कामापुढे ते प्रत्यक्ष करणारे, त्याबद्दल उत्तर देणारा, ज्यांचा सल्ला घ्यायचा ते आणि ज्यांना कळवायचे ते, अशा चार प्रकारच्या नोंदी असतात. करणारे कितीही असोत, उत्तर देणारा मात्र एकच असावा, असा त्याचा नियम आहे. विद्यार्थी हा नियम परीक्षेपुरता पाठ करतात. कृत्य अनेकांचे आणि उत्तरदायित्व एकाचे, हे तर्काला धरून कसे, याचे समर्थन मात्र व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडत नाही.

ते शोधण्यासाठी भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे वळणे उपयोगी आहे. तेथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर, करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणांचे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता असा अर्थ लावला. रामानुजाचार्यांनी दैव या पदाने अंतर्यामी परमात्मा घेतला. ज्ञानेश्वरांनी या पाचांचे निरूपण विस्ताराने मराठीत आणले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी हाच विचार व्यवहाराच्या अंगाने मांडला: अधिष्ठान म्हणजे स्थान, करणे म्हणजे साधने, आणि माणसाच्या प्रयत्नाबाहेरचे जे सृष्टीचे व्यापार अनुकूल असावे लागतात ते दैव. हा अर्थ घेतला की पाच कारणांची यादी अभियंत्याला परकी वाटत नाही. जागा, माणूस, उपकरणे, कार्यपद्धती आणि नियंत्रणाबाहेरची परिस्थिती हेच घटक कोणत्याही अपघाताच्या चौकशीत तपासले जातात. गीता पुढे म्हणते की ही पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी कच्ची आहे. यशाच्या बाबतीत हे वचन अहंकार उतरवते, आणि ते कोणालाही मान्य होते. अपयशाच्या बाबतीत त्याचे काय होते, हा कठीण भाग आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. पाण्याशी त्याची उष्णता निर्माण करणारी अभिक्रिया सुरू झाली, तापमान आणि दाब वाढत गेला आणि विषारी वायू दक्षिणेकडील दाट वस्तीवर पसरला. ते द्रव्य थंड ठेवण्यासाठीची रेफ्रिजरेशनची यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याने निष्प्रभ करणारा स्क्रबर केवळ राखीव अवस्थेत होता आणि इतक्या मोठ्या प्रमाणावरील गळतीसाठी त्याची क्षमताही नव्हती. वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर, त्याच्या नळाचा गंजलेला भाग काढलेला असल्यामुळे, निकामी होता. पाण्याचे फवारे वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोचले नाहीत. ही तपशीलवार यादी देण्याचे कारण असे, की तिच्यातील एकही गोष्ट त्या रात्रीची नाही. त्या द्रव्याचे उत्पादन आधीच थांबलेले होते. साठा मात्र होता. उत्पादन चालू नसल्यामुळे संरक्षक यंत्रणा गरजेच्या नाहीत, असा विचार ज्या व्यवस्थेत होऊ शकतो, तिने सिस्टिमची सीमा उत्पादनाभोवती आखलेली असते, धोक्याभोवती नव्हे. आणि ज्या दुरुस्तीच्या विलंबाने उत्पादनाचा एकही दिवस वाया जात नाही, तिला वेळापत्रकात सवडच सवड असते; सुरक्षेची कामे क्रिटिकल पाथवर क्वचितच येतात, हा वेळापत्रकाच्या शास्त्रातील एक खरा दोष आहे आणि तो शिकवताना सांगितला गेला पाहिजे.

पाणी टाकीत कसे शिरले याबद्दल वाद झाला. एका असंतुष्ट कामगाराने ते जाणूनबुजून सोडले, असा कंपनीचा दावा होता; कामगारांनी आणि अन्य अभ्यासकांनी नळ धुण्याच्या कामाकडे आणि दुरवस्थेतील झडपांकडे बोट दाखवले. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर हा वाद कर्ता या एकाच कारणावर सर्व लक्ष केंद्रित करतो आणि उरलेली चार कारणे अंधारात टाकतो. कंपनीचा दावा क्षणभर खरा धरला, तरी एका माणसाच्या एका कृतीने हजारोंचा जीव जाऊ शकेल अशी रचना कोणी उभी केली आणि कोणी तशीच राहू दिली, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

पण कारणे विखुरलेली दाखवण्यातही एक धोका आहे आणि तो लहान नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्याचे काम केले, दोष व्यवस्थेचा होता, असे म्हणत प्रत्येक जण बाजूला होऊ शकतो. शिवाय ज्याच्या ठिकाणी अहंभाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही तो मारूनही मारत नाही, असे गीतेचेच एक वचन पुढे लगेच येते, जे चुकीच्या हातात पडले तर कोणत्याही अधिकाऱ्याचे कवच होऊ शकेल. दैव या पाचव्या कारणाचा असा गैरवापर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अचूक ओळखला होता. मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर टीका करताना असा युक्तिवाद केला, की गरीब आणि दलित यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला टाळता यावी, यापलीकडे त्या सिद्धान्ताचा हेतू दिसत नाही. कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या लोकांच्या मृत्यूला नशीब म्हणणे या टीकेच्या थेट कक्षेत येते. त्या कारखान्याबद्दल पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्येच आपल्या साप्ताहिकातून उघड इशारे दिले होते, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील मूळ कंपनीच्या पथकाने पाहणी करून उणिवा नोंदवल्या होत्या. जे आधी सांगितले गेले होते त्याला दैव हे नाव देता येत नाही.

मग पाच कारणांचा विचार टाकून द्यावा काय? तसे करण्याची गरज नाही, कारण उत्तर त्याच अध्यायात थोडे पुढे आहे. कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार सांगताना गीता तामस कर्माची ओळख अशी देते, की ते पुढचा परिणाम, होणारा नाश, इतरांना होणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य यांपैकी कशाचाही विचार न करता, मोहाने आरंभलेले असते. आज कारखान्यांत धोक्यांचे विश्लेषण करताना याच चार गोष्टी विचारल्या जातात: बिघाड कोठवर पसरेल, किती हानी होईल, कोणाला इजा पोचेल आणि तो आवरण्याची क्षमता आहे काय. फळाची आसक्ती सोडा, असे सांगणारा ग्रंथ परिणामाकडे पाठ फिरवण्याला तामस म्हणतो, ही गोष्ट गीतेच्या वाचकांकडून अनेकदा सुटते. फळ म्हणजे कर्त्याला स्वतःसाठी हवे असलेले काही, जसे वाचलेला खर्च, वेळेआधी गाठलेली मुदत, बढती; परिणाम म्हणजे ते कर्म इतरांच्या आयुष्यात जे घडवत जाते ते. रेफ्रिजरेशन बंद करणारा निर्णय फळाला चिकटलेला होता आणि परिणामाला आंधळा होता. अहंभाव नसलेल्याची बुद्धी लिप्त होत नाही, ही सवलत अशा निर्णयाला लागूच होत नाही, कारण तिची पहिली अट त्याने मोडलेली असते. टिळकांचा कर्मयोगही कर्म किंवा त्याची सिद्धी टाकायला सांगत नाही. फळाची आशा टाकून कर्म लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, कुशलतेने करावे, असा त्याचा आग्रह आहे.

यावरून उत्तर देणारा एकच असावा या तक्त्यातील नियमाचा आधारही सापडतो. पाचांपैकी चार कारणांना डोळे नाहीत; जागा, साधने, व्यापार आणि परिस्थिती यांना परिणाम दिसत नाही. पाचही कारणे एकत्र पाहण्याची शक्ती केवळ कर्त्याच्या ठिकाणी आहे, म्हणून कारणे वाटली गेली तरी पाहण्याचे कर्तव्य वाटले जात नाही. कारणे जितकी अधिक, तितके ते कर्तव्य जड होते.

ज्या राजा भोजाशी या शहराचे नाव परंपरेने जोडले जाते, त्या अकराव्या शतकातील परमार राजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या वास्तुग्रंथात स्थपतीच्या, म्हणजे मुख्य वास्तुकाराच्या, अंगी शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील या चार गोष्टी असाव्यात असे सांगितले आहे. केवळ शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाच्या वेळी गोंधळतो आणि केवळ काम जाणणारा दुसऱ्याने नेले तिकडे जातो, हा त्यातील विचार आजच्या कोणत्याही शिक्षकाला पटेल. परंतु चौथ्या गोष्टीवाचून पहिल्या तीन अपुऱ्या मानणे, हे त्या ग्रंथाचे मोठेपण आहे. भोपाळपासून सुमारे ३० किलोमीटरवरील भोजपूर येथे त्याच काळातील अपूर्ण शिवमंदिराभोवती खडकांवर कोरलेले बांधकामाचे आराखडे आणि दगड वर चढवण्यासाठी रचलेला उतार अजून दिसतो, आणि दगडांवर कारागिरांच्या खुणा आहेत. मंदिर का थांबले याबद्दल अनेक तर्क आहेत, आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी त्याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे: काय बांधायचे होते ते सर्वांना दिसेल असे कोरलेले आहे आणि कोणता दगड कोणाच्या हातचा याची खूण ठेवलेली आहे. प्रत्येक गरजेचा माग तिच्या पूर्ततेपर्यंत आणि प्रत्येक निर्णयाचा माग त्याच्या कर्त्यापर्यंत काढता यावा, ही या विषयाची आजची प्रमुख मागणी आहे.

कायद्यालाही या प्रश्नाचा सामना करावा लागला. दिल्लीतील ओलियम वायूच्या गळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये पूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असो, हानीची भरपाई त्यालाच करावी लागेल. पाचवे कारण पुढे करून सुटण्याची वाट या तत्त्वाने बंद केली. भोपाळच्या वायुपीडितांना मात्र त्याचा पूर्ण लाभ मिळाला नाही. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर दिवाणी दावा मिटवण्यात आला, आणि २०१० मध्ये कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. कारणे मोजणे आणि कर्त्याला उत्तर द्यायला लावणे यांत किती अंतर राहू शकते, हे या दोन तारखांवरून कळते.

सिस्टिमच्या आयुष्यक्रमातील शेवटचा टप्पा विल्हेवाटीचा असतो आणि पाठ्यपुस्तकांत तो बहुधा एका परिच्छेदात उरकला जातो. कार्बाइडच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये, गळतीनंतर चाळीस वर्षांनी, धार जिल्ह्यातील पीथमपूरला जाळण्यासाठी हलवण्यात आला, तेव्हा तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. कारखान्याभोवतालच्या मातीत आणि भूजलात झिरपलेले प्रदूषण त्या ट्रकांमध्ये भरता येण्यासारखे नव्हते. कारखान्याचा आराखडा मंजूर झाला तेव्हा हा टप्पा कोणाच्या नावापुढे नोंदला गेला होता, हा प्रश्न भोपाळमध्ये शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या प्रकल्पाच्या जबाबदारीचा तक्ता भरताना, विल्हेवाटीच्या ओळीशी थांबून, स्वतःच्या प्रकल्पाबद्दलही विचारला पाहिजे, आणि त्या ओळीत एक नाव लिहिल्याशिवाय तक्ता पुरा झाला असे मानू नये.