प्रत्येक वेशीचा वेगळा मारुती

मल्टिव्हर्स हे नाव काढलं की सुपरहिरो कॉमिक्सचा जुना वाचक हल्ली कपाळावर हात मारतो. नायक मेला? दुसऱ्या विश्वातला आणा. लग्न मोडलं? काळ मागे फिरवा. लेखक अडला की विश्व बदलायचं, ही सवय मार्व्हल आणि डीसी या दोन्ही मोठ्या प्रकाशनांना लागली आहे. 1992 च्या अखेरीस डीसीनं सुपरमॅनला मारलं तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली होती, आणि वर्ष उलटायच्या आत तो परतही आला होता. तेव्हापासून कॉमिक्समधल्या मरणाचा भाव उतरत गेला, तो 2023 मध्ये तळाला टेकला. कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची पोरगी, 2014 पासून जी. विलो विल्सन यांनी लिहिलेली नवी मिस मार्व्हल. घरची शिस्त, मशीद, शाळा, कोपऱ्यावरचं दुकान यांच्यासकट उभी केलेली. तिला मार्व्हलनं मे महिन्यात मारलं, तेही स्पायडरमॅनच्या अंकात, पाहुणी म्हणून. जुलैत श्रद्धांजलीचा विशेष अंक काढला आणि त्याच जुलैत तिला म्युटंट म्हणून उठवून बसवलं. माणूस गेल्यावर निदान घरातलं सुतक तरी फिटू द्यावं.

एवढं बोलूनही मल्टिव्हर्सची कल्पनाच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जांब समर्थमध्ये राहणाऱ्या माणसाला ते म्हणता येणारही नाही.

घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एका मुलामुळे. सूर्याजीपंत ठोसरांचा धाकटा नारायण, जन्म 1608, रामनवमी. पुढे समर्थ रामदास. या मुलानं कृष्णाकाठी जे मारुती बसवले, त्या अकरांची यादी शाळकरी पोरंही म्हणून दाखवतात : शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे, शिराळे, मनपाडळे, पारगाव. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत मिळून अकरा. जांब त्यात नाही. गावात मारुती आहे, पण यादीत नाही, आणि ही बोच आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून निघते.

हे अकराही एकच मारुती. तरी एकाची मूर्ती दुसऱ्यासारखी नाही. चाफळला राममंदिरासमोर तो हात जोडून दास म्हणून उभा आहे, आणि त्याच मंदिरामागे डोक्यावर शेपूट वळवून, पायाखाली राक्षस दाबून वीर म्हणून. शहापूरचा चुन्याचा. पारगावचा इतका लहान, की समर्थांच्या झोळीतला मारुती म्हणून लोक त्याला ओळखतात. माजगावच्या शिवेवर घोड्यासारखा एक दगड होता आणि गावकरी त्यालाच मारुती मानत. समर्थांनी तो काढून फेकला नाही, त्याच दगडावर मूर्ती कोरवून घेतली असं सांगतात. आणि बहेचा पाहा. कृष्णेच्या पात्रातलं बेट, मागे राम, आणि हा दोन्ही हात पसरून पुराचं पाणी अडवतोय. मारुतीची गदा सगळ्यांना माहीत. पण बहेला गदेचा उपयोग काय? तिथं शत्रू पाणी आहे, म्हणून तिथला मारुती हात फाकवून उभा राहिला. मला वाटतं, एका नायकाच्या अनेक आवृत्त्या कशा करायच्या याचा याहून चांगला धडा न्यूयॉर्कच्या कुठल्याही संपादकाला मिळायचा नाही. चिन्ह तेच ठेवायचं. दगड त्या गावचा, आणि संकटही त्या गावचं.

या कसोटीला लावून पाहिलं तर गेल्या वीस वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. 2004 मध्ये गोथम कॉमिक्सनं भारतीय स्पायडरमॅन काढला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचा पवित्र प्रभाकर. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला पोरगा, खाली धोतर, वर कोळ्याचं जाळं. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय, बेनकाकांचे भीमकाका. शक्ती देतो एक योगी. त्या वेळी तो अंक हातात आल्यावर छाती फुगली होती, हे खरं. आज वाचताना त्यात मुंबई कुठे आहे हे शोधावं लागतं. लोकलची गर्दी नाही, भाड्याच्या खोलीची कटकट नाही. न्यूयॉर्कच्याच मूर्तीला इथला शेंदूर फासला होता.

तोच पवित्र 2023 च्या ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात मुंबॅटन नावाच्या शहरात भेटतो, आणि त्याची दहा-पंधरा मिनिटं त्या पहिल्या अंकांपेक्षा कितीतरी जिवंत आहेत. एकावर एक चढलेल्या इमारती, रस्त्यातून वाट काढणं, पोराचा फाजील आत्मविश्वास. चित्रपट भारतात मराठीतही लागला होता. त्याच वर्षी निकेश शुक्ला यांनी लिहिलेले आणि अभिषेक मालसुनी यांनी काढलेले पाच अंकही आले. चित्रं देखणी आहेत, गोष्ट लक्षात राहत नाही. खरी मुंबई वाचायची असेल तर मूळच्या मुंबईच्या राम व्ही या लेखकाचं, फिलिपे आंद्रादे यांच्या चित्रांचं ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ वाचावं. 2021 चं. मृत्यूच्या देवीची नोकरी जाते आणि तिला मुंबईत माणूस म्हणून राहावं लागतं. त्यात सुपरहिरो नाही, मारामारी नाही, आणि तरी बॅटमॅनच्या मालिकेवर राम व्हींनी 2022 ते 2024 मध्ये केलेल्या भारदस्त कामापेक्षा मला ते छोटं पुस्तक मोठं वाटतं.

सध्या सगळ्यात जोरात आहे ती डीसीची ‘अ‍ॅब्सोल्यूट’ मालिका, ऑक्टोबर 2024 पासूनची. कल्पना सोपी : प्रत्येक नायकाकडून त्याला फुकट मिळालेली गोष्ट काढून घ्यायची. वंडर वुमनकडून तिचं बेट आणि तिच्या बायांची जमात काढली; केली थॉम्प्सन यांच्या गोष्टीत डायना पाताळात सर्सी नावाच्या चेटकिणीच्या हाताखाली वाढते आणि तिच्या कुळाचं नाव उच्चारायलाच बंदी आहे. हेडन शर्मन यांचा सांगाड्याचा उडता घोडा पाहिल्यावर पान उलटायला हात होत नाही. सुपरमॅनकडून त्याचं कॅन्ससचं निवांत शेत काढलं. जेसन अ‍ॅरन यांचा काल-एल क्रिप्टनवरच्या कष्टकरी घरातला आहे, आणि पहिल्याच अंकात तो ब्राझीलच्या खाणीत मजुरांमध्ये दिसतो. याला काही वाचकांनी राजकारण म्हणून नाकं मुरडली. त्यांनी 1938 ची मूळ चित्रं पाहिलेली नसावीत. जेरी सिगल आणि जो शुस्टर या दोन तरुण पोरांच्या सुपरमॅननं पहिल्या अंकात बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला उचलून आपटलं होतं, आणि तिसऱ्या अंकात मजुरांच्या जिवाची पर्वा नसलेल्या खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवून अंधार म्हणजे काय ते दाखवलं होतं. अ‍ॅरन यांनी नवं काही केलं नाही. शुस्टरच्या दगडावर पुढच्या पिढ्यांनी चढवलेले शेंदराचे थर खरवडले, इतकंच.

पण या तिघांतला खरा मानकरी बॅटमॅन. 1939 पासून बॅटमॅनची खरी शक्ती एकच, बापाचा पैसा. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगॉटा यांनी तोच काढून घेतला. इथला ब्रूस वेन शाळामास्तरचा पोरगा. शाळेच्या सहलीत प्राणिसंग्रहालयात गोळीबार होतो आणि बाप जातो. पोरगा शिकून शहराच्या कामांवर इंजिनिअर होतो; गावातले पूल, गटारं, पाणी कुठून कुठं जातं ते त्याला पाठ. तळघरातली गुहा नाही, नोकर नाही. आल्फ्रेड उलट त्याच्यावर पाळत ठेवायला आलेला सरकारी गुप्तहेर. आणि गडगंज श्रीमंत कोण, तर जोकर, जो कधी हसत नाही. चौकोनी ठोकळ्यासारखं वटवाघळाचं चिन्ह छातीवरून उपसलं की त्याची कुऱ्हाड होते. पोरकट आहे? आहेच. ड्रगॉटांनी तो इतका आडवातिडवा थोराड काढलाय की पानात मावत नाही. मात्र वरच्या मजल्यावरून शहराकडे पाहणारा बॅटमॅन मी आयुष्यभर वाचला. रस्त्याच्या पातळीवरून वर पाहणारा पहिल्यांदा वाचला.

आणि या बॅटमॅनची आई जिवंत आहे.

ही गोष्ट अमेरिकन समीक्षकांनी ओघात सांगून सोडून दिली. आमच्या गावात ती सोडता येत नाही. सुपरहिरोंचे आईबाप मारायची रीत सोयीची असते : रात्री बाहेर पडणाऱ्याला घरी कुणी विचारायला नको. नारायण बोहल्यावरून पळाला तेव्हा त्याची आई राणूबाई घरीच होत्या. बारा वर्षं टाकळीत, पुढची बारा भ्रमणात; तो परत आला तेव्हा आईची दृष्टी गेलेली होती, असं चरित्रं सांगतात. त्याच्या स्पर्शानं ती परत आली असंही सांगतात, आणि कीर्तनकार तिथं टाळ्या घेतो. मला त्या चमत्काराआधीची चोवीस वर्षं मोठी वाटतात. नायक जगाच्या कल्याणाला निघाला की हिशोब घरात कुणीतरी चुकता करत असतं. कॉमिक्सनं हा हिशोब ऐंशी वर्षं पानावर येऊच दिला नाही. मार्था वेन जिवंत आहे, म्हणून आता तो मागणारं कुणीतरी आहे.

जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांचा 2024 चा ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ याच वाटेवरचा. पीटर पस्तिशीतला, बायको, दोन मुलं, नोकरी, मग शक्ती. दर अंकाला गोष्टीतही एक महिना सरतो. पहिलं वर्ष बहारदार, दुसरं ढेपाळलं. बायकोला सांगितलं की नाही, हाच त्यातला सगळ्यात थरारक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर देऊन झाल्यावर लेखकाकडे फारसं उरलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. मराठी वाचकाला मुखवट्याचं वावडं कधीच नव्हतं. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत वाचले गेले. 1964 मध्ये टाइम्सनं सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला, आणि आबिद सुरतींचा बहादूर 1976 मध्ये. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं, त्याच साली महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’मध्ये कवट्या महाकाळ आला; माझ्या मते मराठीतला एकमेव अस्सल कॉमिक्सछाप खलनायक, आणि तोही पडद्यावर. राज कॉमिक्सच्या हिंदी नागराजचे सुरुवातीचे कितीतरी अंक काढले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. म्हणजे हात आपले होते, वाचक आपले होते. मराठी नायक तेवढा निघाला नाही. कारण, मला वाटतं, पैसा नव्हे. आपण आपल्या नायकाला चुकू देत नाही. त्याचा जन्म झाला की लगेच पुतळा होतो, आणि पुतळ्याला दुसरा अंक नसतो. मारुतीला मात्र आपण ही मोकळीक दिली आहे. त्याला स्वतःच्या शक्तीचा विसर पडतो, जांबवंतानं आठवण करून द्यावी लागते, आणि तरी कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

परदेशी अंक महाग पडतो, हे आहेच. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा एक अंक पाच डॉलरला एक सेंट कमी, म्हणजे चारशे रुपयांच्या वर, शिवाय टपाल. गावातली पोरं मोबाइलवर वाचतात, कशी ते विचारू नये. पण त्यांनी स्वतःच अंक काढायचं ठरवलं, तर विषय पुरवायला गाव कमी पडत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये आमच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. समर्थांच्या घरातला राम रातोरात नाहीसा. तपासाला दोन महिने लागले आणि पोलिसांनी त्या शोधून आणल्या. त्या दोन महिन्यांतलं गाव, कोण कुणाकडे कशा नजरेनं पाहतंय, पारावर कोण अचानक गप्प झालंय, यावर सहा अंक सहज निघतील. बॅटमॅन मुळात गुप्तहेरच होता. किंवा 2012-13 चा दुष्काळ घ्या, जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या तो. किंवा 2025 च्या सप्टेंबरचा पाऊस, मराठवाड्यातली शेतं पाण्याखाली गेली तो. ठोसा मारावा असा खलनायक यांपैकी कशातच नाही, आणि म्हणूनच चित्रकाराची कसोटी आहे. बहेच्या पाथरवटाला तो प्रश्न सुटला होता.

असा अंक कुणी काढलाच तर दोन अटी घालतो. नायकानं पुण्याच्या तोंडानं बोलू नये. घनसावंगीच्या पोराच्या फुग्यात घनसावंगीचं बोलणं यावं, ‘कामून’ आणि ‘लई’सकट. आणि पहिल्याच अंकात त्यानं रात्री दार लोटून घरात यावं तेव्हा आई जागी असावी.