तृणावर्त आणि बापाची चापट

संकटाच्या घाईत बापाने लेकरावर हात उगारला आणि मागाहून कळले की लेकराच्या मनात वाईट काही नव्हते, तर दोष कोणाचा? कीर्तन आटोपल्यावर पुष्कळ ठिकाणी आम्हांला हा प्रश्न विचारतात. विचारणारा बहुधा बापच असतो. आई विचारीत नाही. ती डोळे पुसते आणि कामाला लागते.

भागवताच्या दशम स्कंधातील सातव्या अध्यायात तृणावर्ताची कथा आहे. ती सर्वांनी ऐकलेली असते, पण राक्षस कसा मेला इकडेच श्रोत्यांचा कान असतो आणि आधीचा एक बारीक प्रसंग वाटेत सांडतो. कृष्ण एक वर्षाचा. यशोदा त्याला मांडीवर घेऊन खेळवीत होती. एकाएकी लेकरू जड झाले, डोंगराच्या शिखरासारखे जड. तिला पेलवेना. तिने त्याला भुईवर ठेवले, नवल करीत देव आठवला आणि घरकामाला लागली. तेवढ्यात वावटळ उठली. मुहूर्तभर, म्हणजे आपल्या दोन घटका, गोकुळ धुळीने भरून गेले. दुसरा माणूस तर राहोच, स्वतःचा हातही कोणाला दिसेना. ठेवल्या जागी लेकरू नाही असे पाहून, वासरू मेलेल्या गाईसारखी ती माऊली भुईवर पडून रडली.

आता पहा. लेकरू जड का झाले? आम्हांला असे दिसते की येणारे वारे त्याला कळले होते. आईने त्याला उराशी धरून ठेवले असते तर तीही त्या वाऱ्यात सापडली असती. म्हणजे जे ओझे वाटले ती माया होती. पण यशोदेला हे कळावे कसे? तिच्या मांडीला फक्त भार कळला, आणि भार खराच होता. व्यासांनी तिला एका शब्दाने दोष दिलेला नाही.

सन २०२३ च्या उन्हाळ्यात सांगवीला एका सप्ताहाच्या निमित्ताने आमचा मुक्काम होता. पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले हे गाव. आता गाव कसले, शहरच. त्याच वर्षी १७ एप्रिलला किवळ्यात महामार्गालगत वादळी पावसात आडोशाला उभ्या राहिलेल्या लोकांवर लोखंडी जाहिरातफलक कोसळला आणि ५ माणसे दगावली. त्यामुळे वारे सुटले की त्या भागात माणसाची नजर आधी वर जात असे.

चौथ्या दिवशी सायंकाळी वळीव आला. मांडवाचे पत्रे वाजू लागले, लोखंडी नळ्या हलू लागल्या. सगळे देवळाकडे धावले. चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलेला एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला ओढीत होता, आणि पोरगं खांबाला मिठी मारून रडत होतं. "गप चल म्हणतो ना! ऐकतंय कुठं!" फाडकन एक ठेवून दिली, काखेत मारलं आणि देवळात आणून टाकलं. पाठोपाठ चौघा टाळकऱ्यांनी पोराच्या आजोबांना वीणेसकट आणले. त्यांचा पहारा चालू होता. कानाने अधू, डोळे मिटलेले. वादळ आल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. तासाभराने वारे पडले. मांडवाची एक बाजू खाली आली होती. सुदैवाने माणूस कोणी सापडले नाही. बाप मात्र अजून सांगतच होता, "फार हट्टी कार्टं आहे, बुवा."

तर्कशास्त्रात सव्यभिचार नावाचा हेत्वाभास आहे. धूर दिसला तर अग्नी म्हणावे, कारण अग्नीवाचून धूर नाही. पण नुसती उष्णता लागली की अग्नी म्हणता येत नाही. उष्णता उन्हाचीही असते, तापाचीही. लेकराचे रडणे असेच. ते हट्टात असते, भयात असते, आणि दुसऱ्यासाठी जीव तुटतानाही असते. रडण्यावरून हट्टाचे अनुमान करणारा बाप तर्कात नापास झाला म्हणायचा!

परंतु मांडव पडत असताना अनुमान तपासत कोण बसतो? पोराला उचलून आणले ते योग्यच केले, चापटीसुद्धा आम्ही त्या घाईच्या खाती टाकू. आमची हरकत वारे पडल्यानंतरच्या त्या एका तासाला आहे. धूळ खाली बसली होती, सगळे दिसत होते, तरी नाव तेच राहिले: हट्टी. एकदा दिलेले असे नाव पुढे शाळेत जाते, सोयऱ्यांत जाते, आणि पोरगंही त्याला ओ देऊ लागतं.

विचारले ते आजोबांनी. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन पोराजवळ बसले आणि म्हणाले, "काय झालं रे बाळा?" पोर म्हणाले, "आबा, तुम्ही वीणा खाली ठेवत नाही ना. मग तुम्हाला कोण आणणार होतं?"

तृणावर्त मेल्यावर भागवतात लगेच काय येते? यशोदा लेकराला मांडीवर घेऊन दूध पाजते, त्याला जांभई येते, आणि त्या तोंडात तिला आकाश, तारे, नद्या, डोंगर दिसतात. वादळात नव्हे, वादळ गेल्यावर, लेकरू जवळ घेतल्यावर.

तो गृहस्थ बराच वेळ गप्प होता. मग आम्हांला म्हणाला, "बुवा, पण पुन्हा असं वारं सुटलं तर मी त्याला तसाच उचलून आणीन." आम्ही म्हटले, "जरूर आणा." तेवढ्यात पोराने ओला सदरा काढून त्याच्या हातात दिला, आणि तो पिळायला बाप बाहेर ओसरीवर गेला.