उपमानाचे ऋण

शास्त्रीय लेखनात रूपक आले की ते सोयीपुरते आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. विवेचनाचा भार गणिताने वाहावयाचा आणि रूपकाने वाचकाला दारापर्यंत आणून सोडावयाचे, अशी ही कामाची वाटणी. संगणकशास्त्राच्या एका शाखेत मात्र गेल्या तीन-चार दशकांत दाराशी थांबावयाच्या या वाटाड्याने घराचाच ताबा घेतलेला दिसतो. मुंग्या, काजवे, वटवाघळे, लांडगे, देवमासे, एवढेच नव्हे तर नदीतील पाण्याचे थेंब यांच्या नावाने तेथे अल्गोरिदम निघाले, आणि त्यांची संख्या शेकड्यांत गेली. या सर्वांचे काम मुळात एकच आहे. ज्या प्रश्नात पर्याय इतके असतात की ते एकेक करून तपासणे अशक्य, तेथे पुरेसे चांगले उत्तर वाजवी वेळात शोधणे. वीस शहरांना एकेकदा भेट देऊन मूळ स्थानी परतावयाचे म्हटले तरी वेगवेगळे मार्ग सुमारे ६ कोटी अब्ज होतात. अशा अरण्यात वाट काढण्यासाठी निसर्गाकडे पाहावे, यात गैर काही नाही. प्रश्न वेगळाच आहे. निसर्गाचे नाव उसने घेणारा निसर्गाचे, आणि आपल्या वाचकाचे, काही देणे लागतो की नाही?

या प्रश्नाची मांडणी करण्यास भारतीय काव्यशास्त्र अनपेक्षितपणे उपयोगी पडते. लक्षणेसाठी मम्मटाने तीन गोष्टी आवश्यक मानल्या: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. गंगेवर गवळीवाडा आहे, या परंपरेतील नेहमीच्या उदाहरणात ‘तीरावर’ असे सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्याने वाड्याच्या ठायी शीतलता आणि पावित्र्य सूचित होते. हे प्रयोजन नसेल तर आडवळणाने बोलण्याला समर्थन उरत नाही. अल्गोरिदमांच्या बाबतीत पहिली अट आपोआप पुरी होते, कारण संगणकात मुंगी नसते. वाद उरतो तो संबंधाचा आणि प्रयोजनाचा.

मुंगीचेच उदाहरण प्रथम घ्यावे. ब्रसेल्स येथील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिनी मुंग्यांच्या वारुळापासून अन्नापर्यंत एक पूल बांधला. त्याला एक आखूड आणि एक लांब अशा दोन शाखा होत्या. काही वेळाने बहुतेक मुंग्या आखूड शाखेवरून ये-जा करू लागल्या. कोणा मुंगीला अंतराचे ज्ञान नव्हते. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परततात, म्हणून त्या वाटेवर गंधद्रव्य लवकर साचते, आणि गंध अधिक तिकडे पुढच्या मुंग्या अधिक वळतात, एवढाच तो व्यवहार. मार्को दोरिगो यांनी १९९२ मध्ये मिलान येथे सादर केलेल्या प्रबंधात ही यंत्रणाच उचलली. शहरांमधील प्रत्येक रस्त्यावर एक आकडा, म्हणजे गंध. फेरी जितकी आखूड तितकी त्यात भर अधिक. आणि कालांतराने त्या आकड्याची झीज. येथे उपमान आणि उपमेय यांच्यातील संबंध नुसत्या सादृश्याचा नाही, तो रचनेचा आहे. विशेष म्हणजे तो जेथे तुटतो तेथे तसे सांगितलेही जाते: कृत्रिम मुंगीला स्मरण असते, ती फेरी पुरी झाल्यावर मागे वळून गंध ठेवते, आणि तिचा गंध खऱ्या गंधापेक्षा फार लवकर उडावा लागतो. रूपकाची मर्यादा रूपककारानेच आखून दिली आहे. तापविलेला धातू हळूहळू निवविण्याच्या क्रियेवरून १९८३ मध्ये बेतलेल्या पद्धतीविषयीही असेच म्हणता येईल. तेथे तर भौतिकशास्त्रातील सूत्रच उचललेले आहे.

आता लांडगा. २०१४ मध्ये करड्या लांडग्यांच्या नावाने एक अल्गोरिदम प्रसिद्ध झाला आणि अल्पावधीत अफाट उद्धृत झाला. कळपात अल्फा, बीटा, डेल्टा, ओमेगा अशी उतरंड असते आणि शिकार तिच्यानुसार चालते, ही त्याची भूमिका. प्रत्यक्षात काय घडते? हाती असलेल्या उत्तरांपैकी सर्वोत्तम तिघांना पहिली तीन नावे दिली जातात आणि बाकीची उत्तरे त्या तिघांच्या आधारे काढलेल्या सरासरीकडे सरकतात. पुढच्या फेरीत दुसरे उत्तर सरस ठरले की अल्फापद त्याच्याकडे. म्हणजे जिच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते ती उतरंड पद्धतीत नाहीच. आहे ती क्षणोक्षणी बदलणारी गुणवत्तायादी. २०२० मध्ये दोरिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडगा, काजवा आणि वटवाघूळ या तिन्ही अल्गोरिदमांची रूपके उतरवून पाहिली, तेव्हा आत १९९५ पासून ज्ञात असलेल्या कणसमूह-पद्धतीतीलच कल्पना निघाल्या. त्याआधी २०१९ मध्ये लांडग्याच्या अल्गोरिदमातील आणखी एक दोष दाखविण्यात आला होता: उत्तर शून्यबिंदूवर असेल तर तो तेथे झपाट्याने पोचतो, आणि ते तेथून हलविले की त्याची कामगिरी खालावते. कसोटीसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक प्रमाणित फलनांचे उत्तर नेमके शून्यावर असते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

आणि उपमान तरी खरे होते काय? अल्फा लांडग्याची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिवासातील लांडग्यांच्या निरीक्षणांतून पुढे आली. एकमेकांना अपरिचित प्राणी एका आवारात कोंडले की संघर्ष होतोच. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील ग्रंथाने ती कल्पना सर्वदूर नेली. आणि त्याच मेक यांनी एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ मध्ये लिहिले की कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते, आईबाप आणि त्यांची पिले. आपल्याच ग्रंथाची पुनर्मुद्रणे थांबावीत म्हणून त्यांनी पुढे प्रकाशकाकडे पाठपुरावा केला. अल्गोरिदम आला तो यानंतर पंधरा वर्षांनी.

यावर व्यवहारवादी आक्षेप उघड आहे. उत्तर बरोबर येत असेल तर लांडग्याच्या चरित्राशी कोणाला कर्तव्य? चुकीच्या उपमानातूनही फलदायी कल्पना निघते. विज्ञानाच्या इतिहासात तशी उदाहरणे आहेत. आक्षेपात तथ्य आहे, पण तो रूपकाच्या जन्माविषयी बोलतो, त्याच्या वापराविषयी नाही. कल्पना सुचण्यापुरते उपमान वापरून ते बाजूला ठेवले असते तर प्रश्नच नव्हता. येथे ते पद्धतीची परिभाषा होऊन बसते. ‘सरासरी काढणे’ याला ‘भक्ष्याला वेढणे’ म्हटले की दोन पद्धती शेजारी ठेवून पाहणे अवघड होते, आणि जुन्याला नवे म्हणणे सोपे. वादक-समूहाच्या स्वरमेळावर आधारलेली म्हणून २००१ मध्ये मांडलेली पद्धत ही ज्ञात उत्क्रांती-पद्धतीचाच एक विशेष प्रकार असल्याचे डेनिस वेलँड यांना २०१० मध्ये दाखवून द्यावे लागले. केनेथ सोरेन्सन यांनी पुढे या साऱ्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली. रूपकाचे प्रयोजन येथे अर्थ दाखविणे हे उरत नाही, तो झाकणे हे होते. मम्मटाच्या तिसऱ्या अटीत अशा प्रयोजनाचा विचार नाही. शास्त्रकारांना बहुधा त्याची कल्पनाच आली नसावी.

दुसरे नुकसान अधिक सूक्ष्म आहे. प्राणिशास्त्राने टाकून दिलेली उतरंड गणिताच्या शिक्क्यानिशी पुन्हा चलनात येते. आज्ञा देणारे आणि पाळणारे असा भेद निसर्गसिद्ध आहे, हे म्हणणे मानवी समाजात कोणाच्या सोयीचे ठरत आले आहे, हे या देशातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. अल्गोरिदमाच्या कर्त्यांचा तसा हेतू मुळीच नसेल. परंतु उपमानाची निवड ही हेतूपुरती मर्यादित राहत नाही.

मराठी समीक्षेने याबाबत फार अभिमान बाळगावा असे नाही. सेंद्रिय एकात्मतेची कल्पना कोलरिजच्या वळणाने आपल्याकडे आली आणि कलाकृती रोपासारखी वाढते, हे वाक्य रोपाकडे न पाहताच पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. रोपाची छाटणी होते, त्यावर कलम होते, त्याला कीडही लागते. यांपैकी काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, हे सांगण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. संगणकशास्त्रातील काही नियतकालिकांनी आता एवढे तरी केले आहे की, नवी पद्धत रूपकाच्या भाषेत न मांडता त्या विषयाच्या प्रस्थापित परिभाषेत मांडावी, अशी अट घातली आहे. दोरिगो ज्याचे संस्थापक-संपादक होते त्या नियतकालिकानेही २०१६ मध्ये संपादकीय लिहून लेखकांना तसेच बजावले.