अपराधीपणा आणि करुणा



भरल्या पोटाच्या माणसाला उपाशी माणसाचे दुःख कळत नाही, असे आपण म्हणतो, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या अनुभवाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. पण भरल्या पोटाच्या घरातलीच एखादी मुलगी उपाशी माणसांसाठी घरदार सोडते, कैदेत जाते आणि अखेर माणसे मारण्यासाठी बॉम्ब करणाऱ्यांत जाऊन बसते, तेव्हा काय म्हणावे? तिला दुःख कळले की कळले नाही? कळले नसते तर तिने घर सोडलेच नसते. आणि कळले म्हणावे, तर करुणेच्या वेलीला असले फळ लागले कसे? या प्रश्नाचा विचार तुम्ही माझ्याबरोबर थोडा वेळ करावा अशी विनंती आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक खरी हकीकत घेऊ. ती दूरची, अमेरिकेतली आहे.

डायना औटन ही १९४२ साली इलिनॉय राज्यातल्या ड्वाइट या गावी जन्मली. गाव लहान, घराणे मोठे. वडील श्रीमंत, रिपब्लिकन पक्षातर्फे राज्याच्या विधिमंडळात गेलेले. पणजोबा म्हणजे अमेरिकेत बॉय स्काउटची संघटना स्थापन करणारे गृहस्थ. मुलीचे शिक्षण ब्रिन मॉर या नामांकित महिला महाविद्यालयात झाले, मध्ये एक वर्ष जर्मनीत. शिकत असतानाच ती फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाई. १९६३ साली पदवी मिळाल्यावर तोलामोलाचे स्थळ पाहून संसार थाटायचा सोडून ती क्वेकर पंथाच्या एका सेवासंस्थेतर्फे ग्वाटेमाला देशात गेली.

तिथे जे तिने पाहिले ते नीट समजून घेतले पाहिजे. चिचिकास्तेनांगो हे डोंगरातले गाव, वस्ती किचे माया लोकांची. हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. चांगली जमीन मोजक्या हातांत, आणि मायांची बिऱ्हाडे दरसाल खाली किनाऱ्याकडच्या कॉफी-कापसाच्या मळ्यांवर मजुरीला उतरायची. आपल्याकडे ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात तशीच. १९५२ साली हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारने मोठ्या मालकांची पडीक जमीन घेऊन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. त्यात अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीची जमीन जाऊ लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर खात्याने ते सरकार उलथवले आणि वाटलेल्या जमिनी बहुतेक परत गेल्या. डायना गेली ती त्यानंतर नऊ वर्षांनी. दोन वर्षे ती साधेपणाने राहिली, मोठ्या माणसांना अक्षरे शिकवली, मुलांच्या पोषणाच्या कामात हात लावला. आणि ज्या गरिबीवर आपण फुंकर घालतो आहोत ती आपल्याच देशाच्या सत्तेने राखलेली आहे, हे तिच्या ध्यानात आले.

बंधूंनो, हा निष्कर्ष खोटा नव्हता. दान देणाऱ्याचा हात आणि लुबाडणाऱ्याचा हात पुष्कळदा एकाच अंगाचे असतात, हे आपल्याला कोणी परदेशी पुस्तकातून शिकवायला नको. तिथवर तिची दृष्टी सम्यक् होती असेच मी म्हणेन.

१९६६ साली ती मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथे आली व बिल एअर्स या तरुणासोबत लहान मुलांच्या एका प्रायोगिक शाळेत शिकवू लागली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांनी एकत्र, कसलीही सक्ती नसताना शिकावे, असा त्या शाळेचा बाणा. (ज्यांच्या पिढ्यांना अक्षर नाकारले गेले, त्या आईबापांना “वाचायची सक्ती नाही” हे स्वातंत्र्य किती गोड लागेल, हा विचार आपल्या मनात आल्यावाचून राहत नाही. असो.) १९६८ साली पैसा आटला आणि शाळा बंद पडली. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी माय लाय गावातली शेकडो निःशस्त्र माणसे, त्यांत बायामुले, मारली. पुढल्या वर्षी ती बातमी फुटली. युद्धाला विरोध करणाऱ्या विद्यार्थी संघटनेतून १९६९ साली ‘वेदरमन’ नावाचा जहाल गट निघाला. डायना त्यात गेली.

इथून पुढे तिच्या आयुष्यातून एक गोष्ट नाहीशी होते, ती तुम्ही पाहा. ग्वाटेमालात तिच्यासमोर माणसे होती. त्यांना नावे होती, त्यांची मुले आजारी पडत होती. शाळेतही मुले होती. वेदरमन गटात समोर कोणीच उरले नाही. उरली ती गटातलीच माणसे, बहुतेक चांगल्या घरची, गोरी. आपण गोरे म्हणून जन्मलो, श्रीमंत म्हणून जन्मलो, हे आपल्या रक्तातले पाप आहे आणि ते जाळून टाकल्याशिवाय आपण क्रांतिकारक होणार नाही, ही त्यांची भावना. त्यासाठी रात्र रात्र बैठका चालत. एकेकाला मध्ये बसवून त्याचे दोष त्याच्या तोंडावर काढायचे, तो कोसळेपर्यंत. झोप थोडी, अन्न थोडे. जोडपी मुद्दाम फोडली जात. डायना आणि एअर्स यांचेही तसेच झाले.

हे वाचताना तुम्हाला कोणाची आठवण होते? मला उरुवेलेच्या तपाची होते. सिद्धार्थ गौतमही सुखवस्तू घरचे तरुण. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे की रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्ध ठरले, सिद्धार्थांनी त्याला विरोध केला, आणि संघाचे बहुमत मानवेना तेव्हा त्यांनी परिव्रज्या पत्करली. पुढे त्यांनी देहदंडाचा मार्गही कसून पाहिला, हाडांची मोळी होईपर्यंत पाहिला, आणि सोडला. स्वतःला छळल्याने चित्त शुद्ध होत नाही हे त्यांना कळले. भोगात लोळणे आणि स्वतःला जाळणे या दोन्ही टोकांत एकच दोष आहे: दोन्हीकडे माणूस रात्रंदिवस स्वतःचाच विचार करीत असतो. डायना एका टोकावरून निघाली ती थेट दुसऱ्या टोकाला गेली. आणि ज्याने स्वतःवर दया करणे सोडले, त्याला दुसऱ्यावर दया न करणे फारसे जड जात नाही.

ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, त्यांनी काय म्हटले? तेही नोंदलेले आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये वेदरमन गटाने शिकागोत रस्त्यावर मोडतोड आणि पोलिसांशी हाणामारी करायचे ठरवले. हजारो येतील असा अंदाज होता, आले काही शेकडा. डायनाला त्यात अटक झाली. शिकागोच्या ब्लॅक पँथरचा तरुण पुढारी फ्रेड हॅम्पटन याने या बेताचा उघड निषेध केला. हा नुसता वेडा साहसवाद आहे असे त्याचे मत होते. ब्लॅक पँथर हे नाव आपल्याला परके नाही. त्याच नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हा हॅम्पटन वस्तीतल्या पोरांना सकाळची न्याहारी देण्याचे काम चालवीत होता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरावर छापा घालून त्याला बिछान्यातच गोळ्या घातल्या. तो एकवीस वर्षांचा होता. वेदरमन गटाने त्याच्या मरणाचा संताप घेतला. जिवंतपणी त्याने सांगितलेले मात्र ऐकले नव्हते.

६ मार्च १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये वेस्ट अकराव्या रस्त्यावरच्या एका श्रीमंत घरात, गटातल्याच एका मुलीच्या बापाच्या घरात, डायनामाइटचे बॉम्ब तयार होत असताना स्फोट झाला. त्यात लोखंडी खिळे भरलेले होते. न्यूजर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर हवालदार-नाईक दर्जाच्या सैनिकांचा नाचाचा कार्यक्रम होता, तिथे हे बॉम्ब ठेवायचे होते. सैनिक आपल्या बायकांना, मैत्रिणींना घेऊन येणार होते. स्फोटात गटातले तिघे मेले. डायनाचा देह ओळखता येण्याजोगा राहिला नाही. सापडलेल्या बोटाच्या टोकावरून ती पटली. वय अठ्ठावीस.

आता निवाडा करू. कोणी म्हणेल, तिचा राग न्याय्य होता, म्हणून तिला दोष देऊ नये. राग न्याय्य होता हे मी आधीच मान्य केले आहे. पण बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा असा भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. अन्यायाचा प्रतिकार करताना बळ वापरण्याची वेळ येऊ शकते. त्या नाचघरातल्या बायकांना मारण्याची गरज कोणाला होती? व्हिएतनाममधल्या एका तरी मुलाचा जीव त्याने वाचणार होता काय? तिथे गरज नव्हती, इच्छा होती. ती इच्छा स्वतः शुद्ध होण्यासाठी होती, म्हणून ती अधिक भयंकर. ब्राह्मणी यज्ञातही बळी पशूचा जातो आणि पुण्य यजमानाला लागते.

आणि जन्माचा डाग ही कल्पना आपल्याइतकी कोणाला ओळखीची असणार? जन्माने कोणी पवित्र नाही तसा जन्माने कोणी पापीही नाही. कर्माने माणूस ठरतो. ही तथागतांची शिकवण आपण आपल्यापुरती घेतो, तेव्हा ती सुखाची वाटते. ती श्रीमंताच्या मुलीलाही लागू आहे हे मान्य करणे जड जाते. १९२७ साली महाडच्या लढ्याच्या वेळी जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण चळवळीत ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. आपले वैर ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाशी नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, म्हणजे एका ब्राह्मणाने. सहस्रबुद्धे आपल्या जन्माबद्दल छाती पिटत बसले नाहीत. ज्यांचा लढा होता त्यांच्या पुढाऱ्याच्या हाताखाली ते काम करीत राहिले, पुढे ‘जनता’ पत्राचे संपादन केले. वरून खाली आलेल्या माणसाला करण्यासारखे पुष्कळ असते. त्याला आधी ऐकावे लागते.

तुम्ही विचाराल, हे आम्हाला कशाला? आपल्या घरात कुठली आली श्रीमंती? पण थोडे पाहा. आज आपली किती मुले-मुली शहरातल्या कॉलनीत वाढतात. बाप बँकेत, आई शाळेत. मुलगी वसतिगृहात राहून शिकते, सुट्टीत आजोळी जाते, तिथे मामाची मुले अजून वेठीसारखे राबताना पाहते, आणि परत येते ती गप्प होऊन. ताटातला घास तिला गोड लागत नाही. काही दिवसांनी ती म्हणते, तुम्ही सगळे स्वार्थी झालात. आईबाप दुखावतात, बोलणे बंद होते.

असे बोलणे बंद होऊ देऊ नका. तिचे म्हणणे बरेचसे खरे असते. डायनाच्या आईवडिलांनीही तिच्यावर प्रेम केले, पण ग्वाटेमालात तिने जे पाहिले त्याचा विषय त्या घराच्या कक्षेबाहेरचा होता. तुमच्या कक्षेबाहेरचा नाही, एवढा फरक आहे. तुम्ही ते सोसले आहे. तिला खाली बसवा आणि चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या माणसांवर काठ्या चालल्या तेव्हा बाबासाहेबांनी उलट हात उगारू दिला नाही, हे सांगा. ते भ्यायले म्हणून नव्हे, हेही सांगा. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला, महापरिनिर्वाणाच्या अवघ्या सोळा दिवस आधी, बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी साधनांचाच प्रश्न पुढे ठेवला होता. मग विचारा: ज्यांच्यासाठी तू पेटली आहेस त्यांतल्या कितीजणांकडे तू गेल्या महिन्यात गेलीस, त्यांनी तुला काय सांगितले?

त्या न्यूयॉर्कच्या घरातून दोन मुली जिवंत बाहेर पडल्या. त्यांपैकी कॅथी बुडीन ही नामवंत वकिलाची मुलगी, ब्रिन मॉरचीच पदवीधर. स्फोटानंतर गटाने माणसांना लक्ष्य करणे सोडले आणि आगाऊ सूचना देऊन रिकाम्या इमारतींवर बॉम्ब टाकण्याचा मार्ग धरला. बुडीन मात्र पुढे दुसऱ्या जहालांबरोबर गेली. २० ऑक्टोबर १९८१ रोजी न्यूयॉर्क राज्यात रोकड नेणारी गाडी लुटताना एक रखवालदार आणि दोन पोलिस मारले गेले. कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी म्हणून ती लूट होती. मेलेल्या पोलिसांतील वेव्हर्ली ब्राउन हे न्यॅक गावच्या पोलिस दलातले पहिले कृष्णवर्णीय शिपाई होते. बुडीनच्या हातात बंदूक नव्हती, पण ती पळून जाण्याच्या गाडीत होती. तिने बावीस वर्षे तुरुंगात काढली. तिथे ती कैदी बायकांना वाचायला-लिहायला शिकवू लागली, एड्स झालेल्या बायकांच्या शुश्रूषेचे काम उभे केले. २००३ साली सुटल्यावरही कैद्यांसाठीच काम करीत ती २०२२ साली वारली. हेच काम डायना १९६४ साली चिचिकास्तेनांगोच्या डोंगरात करीत होती, आणि तेव्हा ते तिला फार लहान वाटले होते.