घेणारे हात



आगमनकाळाचे आठवडे सरू लागले की आपल्या धर्मग्रामातील स्वयंपाकघरांना वेगळाच वास येऊ लागतो. कलकल वळायला सगळे घर बसते, नेवऱ्यांचे सारण भाजले जाते, केकसाठी सुका मेवा मुरत घातला जातो. नाताळच्या दिवशी मिस्साहून परतल्यावर ताटे भरली जातात, त्यांवर स्वच्छ रुमाल पडतो आणि मुले ती शेजारीपाजारी पोचवतात. ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. पूर्वी हे ताट वाडीतल्या ओळखीच्या घरांत जाई. आता वसईत वाड्यांच्या कडेला इमारती उभ्या आहेत. एकाच जिन्यावर गुजराती, मल्याळी, बंगाली, उत्तर भारतीय अशी कुटुंबे राहतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, जैन आणि बौद्धही आहेत. ताटाचा प्रवास लांबला आहे, हे चांगलेच झाले.

त्यांच्याकडूनही आपल्याकडे ताटे येतात. दिवाळीचा फराळ येतो, ईदचा शीरखुर्मा येतो, संक्रांतीला तिळगूळ आणि उंधियू येतो, ओणमला पायसम येते, छठपूजेनंतर ठेकुआ येतो. आज आम्ही आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवू इच्छितो. शेजाऱ्याला देणे आपल्याला जमते, पण त्याच्या हातचे घेणे आपल्याला जमते का? आणि घेता येत नसेल तर नुसत्या देण्याने शेजारधर्म पुरा होतो का?

हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपल्या देशात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या प्रश्नावर शेकडो वर्षे माणसांची किंमत ठरवली गेली. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द त्यातूनच आले. या व्यवस्थेत देणे कधीच बंद नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. वरचा मानलेला खालच्या मानलेल्याला शिळेपाके देत असे, सणाचे उरलेलेही देत असे. बंद होते ते घेणे. अन्न वरून खाली जाई, पण खालून वर घोटभर पाणीसुद्धा जात नसे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच विषमतेविरुद्ध. म्हणून मनातली उच्चनीचता गेली की नाही, हे आपण किती देतो यावरून कळत नाही. ते कोणाच्या हातून घेतो यावरून कळते.

देणाऱ्याला आपल्या जागेवरून हलावे लागत नाही. पदार्थ आपला, चव आपली, वेळ आपल्या सोयीची. घेणाऱ्याला मात्र विश्वास ठेवावा लागतो. समोरच्याचे स्वयंपाकघर आपण पाहिलेले नसते, मसाल्याची ओळख नसते. तरीही घास तोंडात घालणे म्हणजे ‘मी तुला आपला मानतो’ असे न बोलता सांगणे होय.

पवित्र शास्त्र आपल्याला हेच दाखवते. दुष्काळ पडला तेव्हा देवाने एलिया संदेष्ट्याला सारफथ गावी पाठवले. ते गाव सीदोनच्या प्रदेशातले, म्हणजे परक्यांचे. तिथल्या ज्या विधवेकडे त्याला पाठवले, तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरले होते. संदेष्टा काही द्यायला गेला नाही, तो तिच्याकडे भाकर मागायला गेला. पुढे पीठ सरले नाही आणि तेल आटले नाही, हा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याआधी एका इस्राएली संदेष्ट्याला परक्या बाईच्या हातची भाकर मागावी लागली, तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने या गोष्टीची आठवण करून दिली, नामान या परक्या कुष्ठरोग्याचीही आठवण करून दिली, तेव्हा गावकऱ्यांना राग आवरला नाही. त्यांनी त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटून द्यायचा प्रयत्न केला.

स्वतः प्रभू येशूचे वागणे पाहा. शुभवर्तमानात तो कितीतरी वेळा दुसऱ्याच्या घरी जेवताना दिसतो. जकातदार लेवीकडे, परुशी शिमोनाकडे, मार्था आणि मरिया यांच्याकडे. जक्कयाच्या घरी तर तो आपणहून पाहुणा झाला. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी त्याचे संभाषण सुरू झाले तेही तिच्याकडे पाणी मागून. तिला नवल वाटले, कारण यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचे पाणी पीत नसे. जिवंत पाणी देणारा प्रभू आधी तिच्यापुढे तहानलेला होऊन बसला. शिष्यांना गावोगाव पाठवतानाही त्याने सांगितले, की लोक जे पुढे वाढतील ते खा (लूक १०:८). घोषणा करायला निघालेल्यांना त्याने पाहुणे व्हायला शिकवले.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या विश्वपत्रात बंधुत्वाचा विचार याच दाखल्याच्या आधाराने मांडला. दाखला ऐकताना आपण स्वतःला नेहमी शोमरोन्याच्या जागी ठेवतो. कधी तरी रस्त्याकडेला पडलेल्या जखमी प्रवाशाच्या जागीही स्वतःला ठेवून पाहावे. त्याचा जीव वाचला तो परक्याच्या हातचे तेल आणि द्राक्षारस जखमेवर घेतल्यामुळे.

आपल्या मराठी मातीतही ही शिकवण आहे. पैठणच्या संत एकनाथांविषयी अशी कथा सांगितली जाते की, श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबाला जेवू घातले आणि ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला. ते त्यांच्या घरी जेवायला गेले, अशीही कथा आहे. म्हणजे त्यांनी वाढलेही आणि घेतलेही. पंढरीच्या वारकऱ्यांचा काला म्हणजे सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून वाटलेला घास. त्यात कोणाची भाकर कोणती, हे ओळखू येत नाही.

आता काही अडचणींचा विचार करू, कारण आपल्यापैकी अनेकांच्या मनात त्या असतात.

पहिली अडचण प्रसादाची. गणपतीत शेजारीण मोदक घेऊन दारात उभी राहते. ते घ्यावेत की नाहीत? हाच प्रश्न करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना पडला होता. तिथे बाजारात विकले जाणारे मांस बरेचदा देवळांतून आलेले असे. संत पौलाने त्यांना सविस्तर लिहिले. बाजारातले घेताना चौकशी करत बसू नका, कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, वाढलेले खा, असे त्याने सांगितले. त्याचबरोबर दोन मर्यादा घातल्या. दुसऱ्या उपासनेत सहभागी होऊ नये, आणि ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्या माणसाच्या विवेकासाठी खाऊ नये. म्हणजे आपल्या खाण्याचा अर्थ दुसरा काय लावील, याचा विचार पौलाला महत्त्वाचा वाटतो.

आम्हांला असे वाटते की, उपासनेत भाग घेणे आणि शेजारणीचा स्नेह स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कोण आहोत हे तिला ठाऊक असते. आपल्या घरातला क्रूस आणि मरियामातेची तसबीर तिने पाहिलेली असते. मोदक देऊन ती आपला धर्म बदलायला आलेली नसते, ती आपल्या आनंदात आपल्याला सामील करायला आलेली असते. तरीही ज्याचा विवेक कचरतो त्याने नम्रपणे हात जोडून नाही म्हणावे. संत पौलाने अशा कोवळ्या विवेकाची थट्टा करू दिलेली नाही. पण हसून ताट घ्यायचे आणि दार लावून घेतल्यावर मोदक कचऱ्यात टाकायचे, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत बरोबर नाही. त्यात सत्यही नाही आणि प्रेमही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. ही वृत्ती आपल्या उंबऱ्यावरही दिसायला हवी.

दुसरी अडचण उलट बाजूची. आपले पदार्थ शेजाऱ्यांना चालतातच असे नाही. जैन कुटुंबात कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असतो. कित्येक घरांत अंडे चालत नाही. मुसलमान शेजाऱ्याला डुकराचे मांस आणि दारू निषिद्ध आहे, आणि आपल्या केकमधला मेवा बरेचदा रममध्ये मुरलेला असतो. अशा वेळी ‘थोडे खाल्ले तर काही होत नाही’ असे म्हणणे, किंवा काय घातले आहे ते न सांगणे, ही विश्वासाची फसवणूक आहे. ज्या विवेकाचा मान आपण स्वतःसाठी मागतो, तोच दुसऱ्याला दिला पाहिजे. आपल्या खाण्यामुळे भावाला ठेच लागत असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही, असे म्हणण्यापर्यंत संत पौल गेला. बिनअंड्याच्या शंकरपाळ्यांचे एक ताट वेगळे काढणे त्यामानाने फारच सोपे आहे.

तिसरी अडचण जास्त बोचरी आहे. काही इमारतींत मांसाहारी कुटुंबाला घर विकत किंवा भाड्याने देत नाहीत. सुक्या बोंबलांच्या वासावरून कुरबुरी होतात. मासळी हे ज्यांचे अन्न आणि पोट आहे, त्या लोकांना या किनाऱ्यावरच परके ठरवले जाते. इथे आपण काय म्हणावे? संत पौलाने सांगितलेला संयम हा प्रेमाने स्वतःहून केलेला संयम आहे. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. शेजारी आजारी असेल, त्याच्याकडे पूजा असेल, तर त्या दिवशी आपण मासळी तळणार नाही, हे प्रेम झाले. पण खाण्यावरून माणसाला निवारा नाकारणे हा अन्याय आहे, आणि त्याला अन्याय म्हणायला आपण संकोचू नये. फक्त तो राग आपण शेजारच्या निरपराध शाकाहारी घरावर काढता कामा नये.

खरे तर आपले अन्न कोणते आणि परके कोणते, हे तरी नीट सांगता येते का? वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. पाव हा शब्द त्यांचा, बटाटा हाही त्यांचाच. गोव्याच्या विंदालूचे नाव वाइन आणि लसूण या अर्थाच्या त्यांच्या शब्दांवरून आले. ज्या मिरचीशिवाय आपला एकही मसाला होत नाही ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली. उपवासाची साबुदाण्याची खिचडी पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिकेतली आहेत. तरी ती खिचडी आज एकादशीला पवित्र मानली जाते. कोणीतरी परक्याच्या हातचे पहिल्यांदा चाखले, म्हणून आज ते आपले झाले.

शेवटी, दूरच्या शेजाऱ्याबरोबर जवळच्या माणसाचाही विचार करू. आपल्या घरी धुणीभांडी करायला येणारी बाई, वाडीत कामाला येणारा आदिवासी मजूर, यांना आपण खायला देतो. पण त्यांचा कप वेगळा ठेवलेला असतो का? त्यांच्या घरच्या लग्नाला आपण जातो तेव्हा जेवून येतो, की अहेर देऊन पाणीही न पिता निघतो? करिंथ येथे श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यांच्या त्या एकत्र येण्याला प्रभूभोजन म्हणता येत नाही, असे संत पौलाने स्पष्ट बजावले. दर रविवारी वेदीपुढे आपण सगळे एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. तिथे आपण सगळेच घेणारे असतो. पुढे केलेल्या रिकाम्या हातावर ख्रिस्तशरीर ठेवले जाते. ते आपल्या कमाईचे नसते. वेदीपुढे जो असा हात पसरतो, त्याने दुसऱ्या कोणापुढे हात पसरताना कमीपणा का मानावा?

या नाताळात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो. ताट देताना त्यात काय आहे ते शेजाऱ्याला नीट सांगावे आणि त्याला काय चालते ते विचारावे. ज्याच्याकडे आजवर फक्त पाठवले, अशा एका घरी जाऊन बसावे आणि ते देतील ते त्यांच्याबरोबर खावे. आणि आपल्याकडे काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला नाताळच्या दिवशी आपल्या टेबलावर, आपल्याच ताटवाट्यांत, आपल्या शेजारी बसवून जेवू घालावे. मुलांना यावर वेगळे प्रवचन द्यावे लागणार नाही, ती पाहून शिकतील.

गव्हाणीतला बाळ येशू जगात आला तो रिकाम्या हाताने. त्याला मरियेने दूध पाजले, योसेफाने आसरा शोधला, दूर देशीच्या मागी लोकांनी आणलेल्या भेटीही त्याने स्वीकारल्या. देवाचा पुत्र माणसांच्या हातून घ्यायला लाजला नाही. तीच नम्रता त्याने आपल्या घरांना द्यावी, हीच आमची प्रार्थना.